साल्साचं बेसिक: आधी वजन, मग पाऊल, मग जोडीदार

साल्सा शिकणाऱ्या बहुतेकांचं घोडं पहिल्याच आठवड्यात एका जागी अडतं. पाय बरोबर जागी पोहोचतो, पण अंगाचं वजन मागेच राहतं. मग पुढचं पाऊल कोणत्या पायाने टाकायचं ते कळत नाही, पाय आपटून वेळ मारून नेली जाते, ठेका सुटतो. आणि माणूस स्वतःची समजूत करून घेतो की आपल्याला ताल कळत नाही. ताल बहुतेक वेळा कळत असतो, फक्त वजन हललेलं नसतं.

दुसरी चूक क्रमाची. टर्न दिसायला छान, म्हणून तो आधी शिकायचा आणि पायांचं नंतर बघू, असं ठरवलं की महिन्याभराने पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं, तेही चुकीच्या सवयी घेऊन. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तपासणी दिली आहे. ती जमली नाही तर पुढे जाऊ नका.

इथे सगळं ‘ऑन वन’ पद्धतीने सांगितलं आहे, म्हणजे पुढे-मागे जाणारं मुख्य पाऊल १ आणि ५ वर पडतं. ‘ऑन टू’ पद्धतीत ते २ आणि ६ वर पडतं. दोन्ही चांगल्या आहेत, पण सुरुवातीचे दोन-तीन महिने एकीलाच धरून राहा.

तयारी

सगळ्यात आधी बूट. रबरी तळाचे खेळाचे बूट जमीन धरून ठेवतात. अंग वळतं, पाऊल चिकटून राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. लेदरचा किंवा स्वेडचा तळ असलेले बूट सगळ्यात चांगले. ते नसतील तर तळ गुळगुळीत झालेले, पायात घट्ट बसणारे साधे बूट चालतील. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर सराव करू नका, मागे टाकलेला पाय सटकतो. मागून मोकळी असलेली चप्पलही नको. उंच टाचेचे बूट घालायचे असतील तर घोट्याला पट्टा असलेले घ्या. मात्र पहिले काही आठवडे सपाट किंवा कमी टाचेवरच काढा.

जागा फार लागत नाही. एकट्याला २ मीटर लांब-रुंद मोकळी फरशी पुरते. जमिनीवर साधारण २ मीटरची सरळ चिकटपट्टी लावा आणि तिच्या बरोबर मध्यावर आडवी खूण करा. पुढे ही पट्टीच तुमच्या चुका दाखवणार आहे.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, लोंबणारं ब्रेसलेट काढून ठेवा. टर्न घेताना दोघांचे हात एकमेकांत फिरतात, तेव्हा अंगठी बोट सोलून काढते. नखं कापलेली हवीत.

रोज २० मिनिटं द्या. आठवड्यातून एकदाच दोन तास केलेला सराव डोक्यात राहतो, पण पायात उतरत नाही.

टप्पा १: कान तयार करणं

साल्साचं संगीत चार मात्रांचं असतं, आणि नाचणारे दोन आवर्तनं जोडून ८ पर्यंत मोजतात. पावलं १, २, ३ आणि ५, ६, ७ वर. ४ आणि ८ वर नवं पाऊल नाही.

गाण्यांचा वेग मिनिटाला साधारण १६० ते २२० ठोके, काही गाणी त्याहूनही जलद. सुरुवातीला मोबाइलमधल्या प्लेअरवर वेग ७५ टक्क्यांवर आणून ऐका.

१ कुठे आहे हे शोधायला दोन वाद्यं मदत करतात. गाणं रंगात आलं की वाजणाऱ्या घंटेचे जाड, भरदार ठोके बहुधा १, ३, ५, ७ वर पडतात. दुसरं वाद्य कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल. त्याचे दोन खुले, घुमणारे ठोके पाठोपाठ येतात: ४ वर एक आणि ४ च्या लगेच नंतर अर्ध्या मात्रेवर दुसरा. बऱ्याच गाण्यांत ही जोडी ८ वरही ऐकू येते. ती जोडी संपली की लगेच १ किंवा ५ येतो. एकदा कान बसला की ही जोडी ‘आता पाऊल’ असं सांगते.

क्लावेच्या, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या दोन छोट्या काठ्यांच्या, लाकडी ठोक्यांत १ शोधू नका. क्लावेचा २-३ प्रकार (आधी दोन ठोके, मग तीन) घेतला तर ठोके २, ३, ५, साडेसहा आणि ८ वर येतात, १ वर ठोकाच नसतो. अनेक जण ‘टक टक’ ऐकून पहिल्या टकला १ समजतात आणि पूर्ण गाणं एक मात्रा उशिरा नाचतात.

खुर्चीवर बसा. १ आणि ५ वर टाळी द्या आणि तोंडाने मोठ्याने मोजा: ‘एक दोन तीन, चार. पाच सहा सात, आठ.’ ४ आणि ८ मनातही गिळू नका. ते गिळले की ‘एक-दोन-तीन-पाच-सहा-सात’ असं सलग पळणं सुरू होतं आणि ८ मात्रांचं गणित ६ मात्रांत संपतं.

तपासणी: गाणं चालू असताना आवाज पूर्ण बंद करा, ८ मात्रा मनात मोजा आणि बरोबर पुढच्या १ वर आवाज सुरू करा. पाचपैकी चार वेळा ठेका जुळला, तर पुढे चला.

टप्पा २: जागेवर वजन बदलणं

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो उरकतात. पुढचं सगळं यावरच उभं आहे, तेव्हा इथे घाई नको.

पाय खुब्यांखाली, दोन्हींत साधारण १० ते १५ सेंटिमीटर अंतर. गुडघे सैल. आता १ वर डावं पाऊल जागच्या जागी ठेवा आणि या दोन क्षणांत काय होतं ते नीट बघा. आधी चवडा टेकतो, तेव्हा गुडघा वाकलेला असतो. मग टाच खाली येते, आणि ती येत असतानाच गुडघा सरळ होत जातो, पण कुलूप लावल्यासारखा घट्ट होत नाही. गुडघा सरळ झाला की डावा खुबा थोडा वर आणि बाजूला सरकतो. त्याच वेळी उजव्या पायावरचा भार संपतो, उजवी टाच आपोआप हलकी होते आणि उजवा गुडघा पुढे वाकतो. साल्सात कंबर हलताना दिसते ती अशी, गुडघ्यांमुळे. कंबर मुद्दाम फेकायला गेलात तर खांदेही डोलायला लागतात आणि जोडीदाराचे हात सतत हलत राहतात.

क्रम असा:

१ – डावा
२ – उजवा
३ – डावा
४ – नवं पाऊल नाही, डाव्यावर भार
५ – उजवा
६ – डावा
७ – उजवा
८ – नवं पाऊल नाही, उजव्यावर भार

४ वर पुतळ्यासारखं थिजायचं नाही. ३ वर सुरू झालेला भार ४ वर पूर्ण बसतो, आणि रिकाम्या पायाची टाच निघायला तयार होते. सिनेमातले नर्तक ४ वर पाय टॅप करतात ते पाहून नवशिकेही करतात. पहिल्या महिन्यात टॅप नको. टॅप करताना नकळत त्या पायावर थोडा भार टाकला जातो आणि ५ ला नेमका चुकीचा पाय पुढे येतो.

तपासणी: ३ वर एकदम थांबा आणि उजवं पाऊल जमिनीवरून २ सेंटिमीटर उचला. पाऊल सहज उचललं गेलं तर भार खरंच डाव्यावर आहे. उचलण्याआधी अंग डावीकडे झुकवावं लागलं तर भार दोन्ही पायांत वाटलेला होता. ७ वर तेच दुसऱ्या पायाचं बघा. एक पूर्ण गाणं पाय न गोंधळता जागेवर काढता आलं की हा टप्पा पार.

टप्पा ३: पुढे-मागे बेसिक

चिकटपट्टीवर, मधल्या खुणेशी उभे राहा. लीडरची, म्हणजे जोडीत दिशा देणाऱ्याची, पावलं:

१ – डावा पुढे
२ – उजवा जागेवरच, भार त्याच्यावर परत
३ – डावा मध्यावर, उजव्याशेजारी
४ – थांबा
५ – उजवा मागे
६ – डावा जागेवरच, भार त्याच्यावर परत
७ – उजवा मध्यावर, डाव्याशेजारी
८ – थांबा

फॉलोअरने, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या जोडीदाराने, नेमकं उलटं अर्ध करायचं. १ ला उजवा मागे, २ ला डाव्यावर परत, ३ ला उजवा मध्यावर. ५ ला डावा पुढे, ६ ला उजव्यावर परत, ७ ला डावा मध्यावर. म्हणजे समोरचा पुढे येतो तेव्हा आपण मागे, आणि आपण पुढे जातो तेव्हा समोरचा मागे.

पावलाची लांबी स्वतःच्या पावलाच्या अर्ध्याहून फार जास्त नको. पुढे जाताना भार पुढच्या पायावर जातो, पण छाती त्या पायाच्या पुढे जात नाही. गेली, तर २ ला परत येताना उशीर होतो, कारण तेवढं अंग मागे ओढून आणावं लागतं.

मागचं पाऊल जास्त फसवं. मागे जाताना चवडा टेकवा आणि टाच हलकीच राहू द्या. टाच धाडकन आपटली की अख्खं अंग मागे झुकतं, आणि ६ हुकतो. मागे जातानाही नाक, छाती आणि बेंबी पुढेच राहते.

२ आणि ६ वरच्या पावलांकडे कोणी लक्ष देत नाही. ही पावलं ‘जागेवर’ आहेत. पाय किंचित उचलून होता तिथेच परत ठेवायचा. तो दर वेळी बोटभर सरकला तरी दहा-बारा फेऱ्यांत तुम्ही खोलीच्या भिंतीला टेकता.

नजर समोर, डोळ्यांच्या उंचीवर. पायाकडे बघितलं की पाठीला बाक येतो, आणि पुढे जोडीदाराला डोकं लागतं. आरशासमोर सराव करत असाल तर निम्मा वेळ आरशाकडे पाठ करा. नाहीतर आरसा काढला की पावलंही जातात.

गाण्याच्या पूर्ण वेगाला पाय मागे पडत असतील तर आधी पाऊल निम्मं करा. वेग कमी करणं हा दुसरा उपाय. दहापैकी नऊ वेळा पाऊल मोठं हेच कारण निघतं.

तपासणी: डोळे मिटून ८ फेऱ्या करा, मग डोळे उघडा. पाय मधल्या खुणेच्या वीतभर आत असले पाहिजेत. पुढे सरकला असाल तर २ चं पाऊल चुकतंय, मागे सरकला असाल तर ६ चं.

आणखी एक: नाचताना डोकं वर-खाली होता कामा नये. होत असेल तर तुम्ही पावलं टाकत नाही आहात, उड्या मारत आहात. गुडघे जरा जास्त सैल ठेवा.

टप्पा ४: बाजूचं आणि मागचं बेसिक

हे लवकर जमतं. बाजूच्या बेसिकमध्ये १ ला डावा डावीकडे, २ ला उजव्यावर परत, ३ ला डावा मध्यावर. ५, ६, ७ उजवीकडे. मागच्या बेसिकमध्ये १ ला डावा मागे, ५ ला उजवा मागे, बाकी सगळं तेच. बाजूला जाताना दोन्ही पायांच्या मध्ये उभं राहण्याचा मोह होतो, तो टाळा. तीनही बेसिक आलटून पालटून, प्रत्येकी दोन फेऱ्या, न थांबता करता आले की जोडीदाराकडे वळा.

टप्पा ५: हात धरणं

सुरुवात दोन हातांच्या मोकळ्या पकडीने. लीडरचे तळवे वर किंवा किंचित आत वळलेले, उंची कमरेच्या थोडी वर. फॉलोअरची बोटं त्यावर आकड्यासारखी टेकलेली. अंगठ्याने वरून दाबायचं नाही. अंगठा आवळला की टर्नमध्ये मनगट पिळलं जातं, आणि दुखापती होतात त्या इथेच.

कोपरं अंगाच्या किंचित पुढे. हात इतके सैल नकोत की निरोपच पोहोचणार नाही, आणि काठीसारखे ताठही नकोत. कोपर पाठीमागे गेलं की समजा, संपर्क तुटला.

बंद पकडीत लीडरचा उजवा तळहात फॉलोअरच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या हाडावर. कमरेवर नाही. फॉलोअरचा डावा हात लीडरच्या उजव्या दंडावर किंवा खांद्यावर हलकाच टेकलेला, त्यावर लोंबकळायचं नाही. दुसरे दोन हात साधारण फॉलोअरच्या खांद्याच्या उंचीवर.

तपासणी: दोघांनी जागेवर उभं राहून लीडरने छाती तळहातभर पुढे आणायची, हात वेगळे हलवायचे नाहीत. फॉलोअरचं वजन मागच्या पायाकडे गेलं तर फ्रेम, म्हणजे हात-खांद्यांची ठेवण, बरोबर आहे. नुसती कोपरं दुमडली तर हात सैल आहेत.

टप्पा ६: एकत्र बेसिक

संगीत न लावता सुरू करा. लीडरने लगेच १ वर निघायचं नाही. आधी दोघांनी जागेवर डावीकडे-उजवीकडे वजन हलवून एकमेकांची लय जुळवायची, मग ५, ६, ७ एवढं मोजून १ वर निघायचं. तेवढ्यात दोघांचा भार कुठे आहे हे दोघांनाही कळतं.

लीड, म्हणजे लीडरचा इशारा, हातातून सुरू होत नाही. लीडरचं शरीर पुढे येतं, ते हातांतून फॉलोअरला जाणवतं, आणि तेही पाऊल पडण्याच्या जरा आधी. लीडरने ८ संपताना पुढे यायला सुरुवात केली तर फॉलोअर १ ला वेळेत मागे जाते. १ वर ढकललं तर तिचं पाऊल दीडला पडतं.

फॉलोअरची नेहमीची चूक म्हणजे आधीच ओळखून निघून जाणं. पाऊल पाठ झालेलं असतं, म्हणून लीड येण्याआधीच पाय मागे जातो. यावर एक उपाय चांगला लागू पडतो: लीडरने मधेच पुढे-मागे बेसिक सोडून बाजूचं बेसिक घ्यायचं, न सांगता. फॉलोअरने डोळे मिटायचे. चारपैकी तीन वेळा बरोबर ओळखता आलं तर दोघांचंही काम चांगलं चाललंय. ओळखता आलं नाही तर दोष एकट्या फॉलोअरवर टाकू नका, निम्म्या वेळा लीडच अस्पष्ट असतो.

मोजणी दोघांपैकी एकानेच मोठ्याने करायची. दोघं मोजायला लागले की दोन १ तयार होतात.

टप्पा ७: फॉलोअरचा उजवा टर्न

लीडर पायांनी नेहमीचं बेसिकच करत राहतो. फक्त डाव्या हाताने फॉलोअरचा उजवा हात ३ वर उचलायला सुरुवात करायची आणि ४ संपेपर्यंत तो फॉलोअरच्या डोक्याच्या वर न्यायचा. उजवा हात तोपर्यंत सोडलेला असतो.

फॉलोअरची पावलं:

५ – डावा पुढे
६ – उजवीकडे अर्धा वळसा, भार उजव्यावर
७ – उरलेला अर्धा वळसा पूर्ण करून डावा, तोंड लीडरकडे
८ – थांबा, हात खाली

हात डोक्याच्या टाळूवर, वीतभर उंचीवर, छोट्या वर्तुळात. ताक घुसळल्यासारखा मोठा गोल फिरवला की फॉलोअर तोल सोडून त्या हातामागे धावते. हात फार उंच नेला तर तिचा खांदा कानाशी येतो. वळताना लीडरची बोटं सैल, म्हणजे फॉलोअरची बोटं आत फिरू शकतात.

वळण चवड्यावर घ्यायचं, टाचेवर नाही, आणि आधी भार पूर्ण त्या पायावर आणून मग वळायचं. नजर शक्य तितका वेळ लीडरच्या चेहऱ्यावर ठेवून शेवटी मान पटकन फिरवली की चक्कर येत नाही.

सावधान: वळताना गुडघ्यात पीळ जाणवला तर लगेच थांबा. एक तर बूट जमिनीला चिकटताहेत किंवा भार पूर्ण त्या पायावर येण्याआधीच तुम्ही वळताय.

टप्पा ८: क्रॉस बॉडी लीड

यात दोघं जागा बदलतात. फॉलोअर एका सरळ अरुंद पट्ट्यातून जाते, तेव्हा तीच चिकटपट्टी पुन्हा वापरा: फॉलोअर पट्टीवरून चालेल, लीडर पट्टीवरून बाजूला होईल.

लीडर १ ला डावा पुढे, २ ला उजव्यावर परत. ३ ला डावा पाय डावीकडे टाकून अंग पाव वळसा डावीकडे, म्हणजे रस्ता मोकळा. ५ ला उजवा छोटं पाऊल मागे, ६ ला डाव्यावर भार घेऊन डावीकडे वळत राहायचं, ७ ला उजवा, आणि तोंड फॉलोअरकडे. फॉलोअर १ ला उजवा मागे, २ ला डाव्यावर परत, ३ ला उजवा थोडा पुढे. मग ५ ला डावा सरळ पुढे, ६ ला उजवा पुढे टाकत डावीकडे वळायचं, ७ ला डावा, समोरासमोर.

सगळी गडबड ३ वर होते. लीडर पट्टीवरून हटलाच नाही तर फॉलोअरला त्याच्याभोवती वळसा घालून जावं लागतं आणि ७ पर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून ३ वर थांबून बघा: लीडरची दोन्ही पावलं पट्टीच्या एका बाजूला आहेत का? मग ५ वर पाठीवरचा उजवा हात दिशा देतो, ढकलत नाही. फॉलोअरने इथे मोठं पाऊल टाकायला हरकत नाही, चालायचं अंतर तिला आहे.

तपासणी: लागोपाठ दोन क्रॉस बॉडी लीड केले की दोघंही सुरुवातीच्या जागी परत यायला हवेत. हातभर बाजूला सरकला असाल तर लीडरने पाव वळशाऐवजी जास्त वळून घेतलं आहे.

गर्दीत नाचताना

फ्लोअरवर पावलं घरच्यापेक्षा निम्मी करा. मागे जाण्याआधी मागे कोण आहे ते बघायची जबाबदारी लीडरची: फॉलोअरच्या खांद्यावरून पलीकडे नजर जातच असते, आणि स्वतःच्या मागची जागाही झटकन बघून घेता येते. कोणाला धक्का लागला तर थांबून विचारा, मग पुढे.

ठेका सुटला तर पाय तसेच रेटत राहू नका. दोघांनी हात न सोडता जागेवर डावीकडे-उजवीकडे वजन हलवायचं, कोंगाची ती दोन ठोक्यांची जोडी ऐकायची आणि पुढच्या १ वर पुन्हा निघायचं. पहिल्या काही गाण्यांत हे चार-पाच वेळा करावं लागेल.